दाजींचा हवेचा शॉकअप

आमच्या दाजींइतका सावकाश निर्णय घेणारा माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. देवळाली प्रवऱ्याला त्यांची उसाची शेती. देह धिप्पाड, पण आवाज देवळात बोलावं तसा हळू. चप्पल घ्यायची झाली तर ती पायात घालून दुकानातून निघायचे, ते थेट एसटी स्टँडाला वळसा घालून परत यायचे. तोवर दुकानदार त्यांची जुनी चप्पल ओलीस ठेवून घ्यायचा. बसायच्या वस्तूंवर तर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही कोल्हारला गेलो, तेव्हा बाकीची मंडळी नावगाव विचारत होती आणि दाजी दिवाणावर मूठ दाबून पाहत होते. पोहे यायच्या आधीच त्यांनी मुलीच्या वडिलांना अतिशय गंभीरपणे सांगितलं, "मधली पट्टी सुटली हाय. म्हाताऱ्या मानसाची कंबर जाईल." माझ्या सासऱ्यांनी दिवाण दुरुस्त करून घेतला आणि मुलगीही दिली.

कंबरेची ही काळजी अनुभवाची होती. शेताच्या वाटेवर मोटारसायकल आदळून आदळून त्यांचा मणका दुखावला होता आणि डॉक्टरांनी ती बंद करायला लावली होती. मग पुण्यात त्यांनी कुणाची तरी जुनी डोंगरातली सायकल पाहिली. रुंद टायर, पुढं शॉकअप, मागंही शॉकअप. पुष्कळ विचार करून ती त्यांनी आणली. पांढरा पायजमा, डोक्याला टोपी अशा थाटात दाजी कालव्याच्या भरावावरून शेतावर जाऊ लागले, तेव्हा ऊसतोडीची माणसं कोयते थांबवून पाहायची. दाजी कुणाकडं पाहायचे नाहीत. खड्डा आला की फक्त समाधानानं डोळे मिटायचे. ताईला मात्र ही सायकल अजिबात पसंत नव्हती. या वयात ही पोरांची सायकल कशाला, असं ती जेवायला वाढताना रोज विचारायची.

पुढं मागचा शॉकअप गेला. त्यातून तेल गळायला लागलं, आणि दाजी बसले की सायकल मागून जी खाली बसायची ती वर उठायचीच नाही. नवा घ्यायचा ठरला आणि दाजींच्या विचाराला सुरुवात झाली. त्यांनी जुना शॉकअप पुठ्ठ्यावर ठेवून त्याची आकृती काढली, दोन्ही भोकांमधलं अंतर आणि दांडा किती आत जातो ते मोजलं आणि तो पुठ्ठा घेऊन मला नगरच्या सायकलच्या दुकानात नेलं. दुकानदारानं दोन शॉकअप समोर ठेवले, एक जाड स्प्रिंगचा, दुसरा हवेचा. स्प्रिंग माणसाच्या वजनावर निवडायची, एकदा बसवली की बघायला नको. हवेच्या शॉकअपमध्ये मात्र छोट्या पंपानं आपल्या वजनाप्रमाणे हवा भरायची आणि अधूनमधून तपासायची, असं त्यानं समजावलं. तुमच्यासारख्यांना स्प्रिंगच बरी, असंही तो म्हणाला. दाजींनी दोन्ही हातांत धरून तोलले, आणि विचार करतो म्हणून आम्ही परतलो. असं आम्ही कितीदा तरी गेलो. दर वेळी दाजी स्प्रिंगच्या बाजूला थोडे सरकलेले असत.

त्याच सुमारास त्यांना जेवण जाईनासं झालं. तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली. जठराचा बराचसा भाग काढावा लागेल, वजन पुष्कळ उतरेल, पुढचं पुढं बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. ॲडमिट व्हायला निघालो तेव्हा गाडी मी चालवत होतो, मागं ताई. दुकान आलं तसं दाजींनी गाडी थांबवायला सांगितली, आत गेले आणि टेकलेसुद्धा नाहीत.

"हवेचा द्या," ते म्हणाले.

दुकानदारानं स्प्रिंगची आठवण करून दिली.

"स्प्रिंग आजच्या वजनाची. माझं वजन उद्या किती ऱ्हाईल ते डॉक्टरलाबी सांगता येईना. हवा कमी करता येती."

गाडीत ताईनं शॉकअपचा खोका मांडीवर घेतला आणि दवाखान्यापर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली.

ऑपरेशन निभावलं. दाजी घरी आले ते त्यांच्याच सदऱ्यात हरवून. शॉकअप बसवून घेतला आणि थोडं बरं वाटलं की ते कालव्यापर्यंत जाऊन येत. वजन उतरेल तशी हवा सोडत. वजन पुन्हा वाढेल म्हणून पंप हाताशी ठेवला होता, पण हवा भरायची वेळ आली नाही. नंतर दम लागायला लागला आणि सायकल पडवीत भिंतीला टेकून राहिली.

परवा मी गेलो तर दाजी खाली बसून पंपानं हवा भरत होते. सीट पार खाली घेतलेली, शेजारी पंजाबी ड्रेस घातलेली ताई, ओशाळलेली. शाळेत असताना ती सायकलवर जायची, हे मी विसरूनच गेलो होतो. "तिला जास्त हवा लागती माझ्यापरीस," दाजी मला म्हणाले. ताईनं त्यांच्याकडं रागानं पाहिलं आणि मग पदर नसतानाही खांद्यावरून ओढून घेतल्यासारखं केलं.

आम्ही भरावावर आलो. दाजींनी सीट धरली, चार पावलं बरोबर चालले आणि हात काढला. ताई डगमगली, सावरली, पुढं गेली. रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी पार उखडलेला. दाजी माझ्या खांद्याला धरून उभे राहिले, श्वास जमवत, तिच्या पाठीकडं पाहत.

"पाव्हनं," ते म्हणाले, "खड्ड्याचं तिला काई लागंना बघा."

ताई वळणापाशी पोचली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि दाजींनीही तिला हाक मारली नाही.