एका माणसाची जागा

रसिकाच्या डाव्या बाजूला धावायची जागा तिच्या भावाची. सिद्धेश जाऊन दोन वर्षं झाली, तरी कुणकेश्वराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एकटीने पाऊल टाकायचं म्हटलं की ती दारातूनच परत फिरायची. शाळेपासून दोघं रोज पहाटे बरोबर धावली होती. त्या एका सकाळी तिने कंटाळा केला, 'आज तूच जा' म्हणून कूस बदलली, आणि तो वेशीच्या राखणदाराच्या, देवचाराच्या, वळणावर छातीत कळ येऊन पडला. तासभर तिथे कुणी फिरकलं नाही. तो तास तिला अजून खातो.

एरवी बाई खमकी. दिवसभर काजूच्या कारखान्यात राबायची, मुकादमाला एका शब्दात गप्प करायची. धावल्याशिवाय मात्र तिला दिवस उजाडल्यासारखं वाटत नसे. म्हणून सोबतीला तिने कुत्र्याचं पिल्लू आणलं. पाठीवरच्या बांगड्या माशासारख्या पट्ट्यांवरून त्याचं नाव पडलं बांगडो.

त्याला तिने उगाच दामटलं नाही. हाडं कोवळी, म्हणून विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचं, पुढच्यापर्यंत चालायचं. डाव्या गुडघ्याला लागून राहिला की चिमूटभर सुकट. सुकटीसाठी पठ्ठ्या काहीही करी. चार महिन्यांत कोंबडी आडवी गेली तरी ढळेनासा झाला.

पण देवचाराच्या वळणावर घोडं अडायचं. तिथून पुढे बांगडो तिच्यापासून अंतर सोडून धावायचा. किती? मधून एक माणूस धावेल इतकं. दोरी आखडली तर मान ताणायचा, सुकटीकडे ढुंकूनही बघायचा नाही. मध्येच त्या रिकाम्या जागेकडे मान वर करून शेपूट हलवायचा. रसिकाच्या अंगावर काटा यायचा. खरं सांगायचं तर तिला बरंही वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला जास्त भीती होती.

शेवटी तिने आईला, यशोदाला, सांगितलं. म्हातारी विळीवरून उठलीच. वेशीच्या देवचाराला नव्या चपला वाहायची गावची रीत. तो शीव राखत फिरतो, चपला झिजवतो. यशोदाने मात्र तेराव्यानंतर तिथे लेकाचे वापरलेले धावायचे बूट ठेवले होते, आणि कुणाला न विचारता गाऱ्हाणंही घातलं होतं. काय मागितलंस, असं रसिकाने खोदून विचारलं.

"माझ्या झिलाक खंयच सोडू नको, असा सांगलंय देवाक," यशोदा जमिनीकडे बघत म्हणाली.

पोराला आपणच तिथे अडकवून ठेवलं, हे कळूनही त्याला सोडायला तिचं मन धजत नव्हतं. आठ दिवस दोघींत धड बोलणं नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी नव्या चपला घेऊन यशोदाच पुढे निघाली. वळणावर पोचल्यावर मात्र तिने चपला रसिकाच्या हातात दिल्या. मग चपला वाहून गाऱ्हाणं रसिकानेच घातलं.

"बा देवचारा म्हाराजा, आवशीन मायेन तेका हय बांधून ठेवल्यान. आता तेका मोकळो कर. त्या दिवशी मी इलंय नाय, ती चूक माझी. ती माझ्याच पदरात घाल."

गाऱ्हाण्याला दुसऱ्या कुणीतरी होकार द्यायचा असतो, नाहीतर ते अपुरं. तिथे दुसरी एकच होती. यशोदा बुटांकडे बघत उभी राहिली. ऊन पायांशी आलं, बांगडो कंटाळून बसला.

"व्हय म्हाराजा," ती अखेर म्हणाली, आणि बूट छातीशी धरून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी वळण आलं. बांगडोने गुडघा सोडला नाही. चार महिने रसिका ह्याचसाठी धडपडत होती. ती रस्त्याच्या उजव्या कडेला सरकली, दोरी सैल सोडली, डावीकडे एका माणसाची जागा केली. बांगडो लगेच सरकून तिच्या गुडघ्याला लागला. ती रडत धावत राहिली, आणि पुढच्या खांबापाशी न विसरता त्याला सुकट दिली.