समजुतीचा कागद

मुलीच्या घटस्फोटाच्या तारखेला मी साताऱ्याच्या कोर्टात बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक जोडपं दोघांच्या वकिलांसह सहमतीने वेगळं होण्याचा कागद तयार करत होतं. नवरा प्रत्येक ओळीआधी पेन उचलून बायकोकडे बघायचा. तिने मान हलवली की मगच लिहायचा.

"म्हसवडच्या जत्रंला पोरगी माझ्याकडं," तो म्हणाला.

"ने की. पण पाळण्यात बसवू नगंस, ओकती ती."

तो हसला आणि तेही त्याने लिहून घेतलं. मघाशी आमच्या खटल्याचा पुकारा त्याने ऐकला होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "आवं काका, तुमचा जावईबी आलाय न्हवं? बोलून बघा की."

"तो तयारच नाही," मी म्हणालो.

ते खोटं होतं. त्या तारखेच्या वर्षभर आधी जावई असाच कागद घेऊन माझ्या दारात आला होता. कोर्टातच बघून घेतो म्हणत मी त्याला हाकललं आणि मुलीला कळू दिलं नाही. पुढे खटला नऊ वर्षं चालला. माझी नात बापाला चेहऱ्यानेही ओळखत नाही.

मुलगी अजूनही म्हणते, "त्यानं एकदा तरी समजुतीनं विचारायचं होतं, बाबा."

तो विचारायला आला होता, पोरी. तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहितो आहे.