उन्हाळा धुळ्याचा, हिवाळा जळगावचा

आमची मुलगी आणि जावई कॅनडात नोकऱ्या करतात आणि त्यांची दोन मुलं आम्ही चार म्हातारी माणसं सांभाळतो. चार म्हणजे मी, हे, आणि धुळ्याचे विहीण-व्याही. वाटणी पहिल्याच वर्षी ठरली. उन्हाळा धुळ्याचा, हिवाळा जळगावचा. ठरली म्हणजे कुणी बसून ठरवली नाही. "बाबांना थंडीत दम लागतो," असं जावई फोनवर म्हणाले, आणि आम्ही पडलो मुलीकडचे. मुलीकडच्यांनी अशा वेळी 'बरं' म्हणायचं असतं, ते आम्ही म्हटलं.

तेव्हापासून दिवाळी झाली की आम्ही बर्फात. जळगावला परततो ते एप्रिलात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागतं तेव्हा. जळगावात माणसाने सुखाने राहावं असे दोन-तीनच महिने असतात आणि नेमके तेच माझ्या नशिबात नाहीत. चोपड्याजवळ माझ्या भावाचं केळीचं शेत आहे. दर हिवाळ्यात तिथे सगळ्या बहिणी, वहिन्या भरीत करायला जमतात. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडी कुंड्यात, ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर बोटं चाटत खायची. मी तेव्हा व्हिडिओ कॉलवर असते. भाऊ मोबाइल वांग्यांवर धरतो आणि विचारतो, "वास येतोय का, अक्का?" त्याची चेष्टा असते. गेल्या वर्षी मात्र मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

यंदा मला एक हिवाळा घरी हवा होता. भावाला तसं सांगूनही ठेवलं होतं. नातवंडं नकोत असं नाही. पण बर्फावर पाय घसरेल या धास्तीने माझे गुडघे पार थकलेत, आणि गुडघ्यांपेक्षा मी जास्त थकले आहे. एक वर्ष अदलाबदल करू या का, एवढंच विहीणबाईंना विचारायचं होतं. भांडी घासताना मी ते वाक्य रोज म्हणून पाहत होते. हे म्हणाले, "आपण मुलीकडचे. बरं दिसत नाही." मी म्हटलं, "नाही दिसलं तर नाही दिसलं."

तरी बॅगेची तयारी सुरू केलीच. सवयीने हात चालतात. पहिल्या वर्षी मी लोखंडी खलबत्ता नेला होता. वजन जास्त झालं म्हणून यांनी तो खांद्याच्या पिशवीत टाकला आणि विमानतळावर तपासणीवाल्याने आम्हा दोघांकडे असं पाहिलं, जणू आम्ही विमानच पळवून नेणार होतो. खलबत्ता तिथेच राहिला. आता मी शहाणी झाले आहे. कळण्याचं पीठ दुहेरी पिशवीत, काळा मसाला तिहेरी, नाहीतर स्वेटरला हिवाळाभर आमटीचा वास येतो. बिबड्या, आमचे ज्वारीचे पापड, कितीही जपून ठेवा, त्यांचा चुरा होतोच, तो भातावर घ्यायचा. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, डॉक्टरांची चिठ्ठी वरच्या कप्प्यात. जास्तीचा चष्मा, गुडघ्याचे पट्टे, यांची कानटोपी. आणि संडासातला मग. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं, तिकडे गेल्यावर तेच हा मग शोधतात.

मोठ्या बॅगा दोनच आहेत, जावयांनी घेतलेल्या. त्या आमच्यात फिरतात. धुळेकर परत आले की आम्ही जाऊन रिकाम्या बॅगा घेऊन येतो, आणि एप्रिलात त्या पुन्हा धुळ्याला पोचवतो.

तर त्यासाठी आम्ही गाडी सांगून धुळ्याला निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी खिडकीबाहेर बघत माझं वाक्य घोटत होते.

दार व्याह्यांनीच उघडलं. एरवी ते मला बघितलं की म्हणायचे, "या, या. विहीणबाई तिकडचं सगळं लोणी खाऊन आल्या वाटतं." मी विहिणीपेक्षा चांगली जाड आहे, म्हणून ही चेष्टा. या वेळी नुसते हसले आणि बसा म्हणाले. चहा झाला. मी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हटलं, "मी काय म्हणत होते, यंदा..."

तेवढ्यात व्याही बायकोकडे वळले आणि हळूच त्यांनी अहिराणीत विचारलं, "कोन शे?"

विहीणबाई जराही दचकल्या नाहीत. "जळगावना शेतस," त्या म्हणाल्या. "सूनना माय-बाप."

व्याह्यांनी आम्हाला पुन्हा पहिल्यापासून नमस्कार केला. यांनीही उठून केला. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

विहीणबाई मागोमाग आल्या. तिकडे उन्हाळ्यात ते दोनदा घर चुकले, त्या सांगू लागल्या. दुसऱ्यांदा नात बरोबर होती, तिनेच हात धरून घरी आणलं. "सुनेला मीच म्हटलं होतं ताई, आईला इतक्यात बोलू नको, मी सांगेन." एवढं बोलून त्या ओटा पुसायला लागल्या. ओटा स्वच्छच होता.

बॅगा मागच्या खोलीत होत्या. मी एकीला हात घातला तर ती जागची हलेना.

"ही रिकामी नाही का?"

"थोडं भरेल शे," विहीणबाई म्हणाल्या, थोडं भरलेलं आहे म्हणून. माझ्याशी त्या कधी अहिराणीत बोलत नाहीत.

मी चेन उघडली. आत विहीणबाईंचे पातळ सुती कुर्ते होते, धुऊन इस्त्री केलेले. उन्हाच्या दोन टोप्या, बागेत मुलांमागे धावायचे कापडी बूट, डासांचं मलम. सगळं उन्हाळ्याचं.

मला आधी राग आला, तो मी लपवणार नाही. मी एक हिवाळा मागायला आले होते आणि माझ्या हातात अख्खा उन्हाळाही दिला जात होता. तोही न विचारता. मी कुर्ता उचलला, काहीतरी बोलणारच होते, आणि माझा अंगठा शिवणीवर गेला. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून कुर्ता सैल केला होता. हातशिलाई, बारीक, नीट. दुसरा पाहिला, तोही तसाच. सगळेच.

मला मागता येत नव्हतं, कारण मी मुलीची आई. त्यांनाही विनवता येत नव्हतं, कारण त्या मुलाची आई. म्हणून त्या नवऱ्याला सांभाळत बसून आपले कुर्ते माझ्या मापाचे करत राहिल्या.

"बसतील ना?" त्यांनी विचारलं.

"बसतील," मी म्हटलं. चेन लावली.

परतताना पारोळ्याला हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "विचारलंस?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुढे विचारलं नाही. दुपारभर बाहेरच्या खोलीत व्याह्यांजवळ तेच बसले होते, आणि आणखी दोनदा त्यांनी आपली ओळख करून दिली होती.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "आई, काय काय भरलंस?" नेहमीचाच प्रश्न, पण आवाज जपून काढलेला.

"बारा महिन्यांचं," मी म्हटलं.

 मग नाक ओढल्याचा आवाज आला. "राहायची मुदत वाढवून मिळते, आई. तुझे जावई बघतील सगळं." मी म्हटलं, बघू देत.

मग भावाला फोन लावला. तो खुशीत होता, वांगी यंदा छान आली आहेत म्हणाला, कधी येतेस ते सांग, त्या दिवशीच भरीत करू. मी त्याला म्हटलं, यंदाही मोबाइलवरच दाखव. आणि जरा जवळून धर, धुरात काही दिसत नाही.