तारे बघायचा दगड

“तारं बघायचा दगड हाय त्यो, पावणं,” आमच्या पुढे चाललेला माणूस आपल्या पाहुण्यांना सांगत होता. “ह्यात पाणी भरून आभाळ बघायची ती लोकं. लई जुनं शहर. एका रात्रीत बुडालं की सगळं.”

त्या उन्हाळ्यात धरण तळाला गेलं होतं. पाण्याखालचं गाव वर आलंय म्हणून कोल्हापुरातून माणसं गाड्या काढून येत होती. मी आणि आई एसटीने आलो होतो. ते आईचं माहेर. मी जन्मायच्या आधीच बुडीत गेलेलं, त्यामुळे मामाचं गाव म्हणजे मला माळावरची पुनर्वसनाची वसाहत तेवढी माहीत.

एका रात्रीत काही बुडालं नव्हतं. पाणी चढायला दोन-तीन पावसाळे लागले, आई सांगायची. लोकांनी कौलं उतरवली, वासे काढले, चौकटीसुद्धा नेल्या. जमिनीत पुरलेली उखळं मात्र निघाली नाहीत. भेगाळलेल्या गाळात आता तीच उरली होती, घरटी एक.

आई एकेका उखळापाशी थांबत होती. भिंतीच नाहीत, तर घर कसं ओळखणार? मग काठ फुटलेलं एक दिसलं आणि ती मटकन खाली बसली. तो काठ लहानपणी मामाने पहारीने फोडला होता; मार आईने खाल्ला होता. तिच्या लग्नाची हळद ह्याच उखळात कांडलेली. तिने पदराने आतला गाळ पुसला. पिशवीतून हळद-कुंकवाची पुडी काढली, तेवढ्यात तो पुढे गेलेला माणूस पाहुण्यांना घेऊन मागे फिरला आणि आमच्यापाशी येऊन पोचला.

कुठल्या तुम्ही, त्या माणसाने आईला विचारलं.

“कोल्हापूरच्या,” आई म्हणाली आणि पुडी मुठीत दाबून बाजूला झाली. भाजीवालीशी भांडताना जिचा आवाज चार घरांपलीकडे ऐकू जातो, ती माझी आई.

मी बोलायला हवं होतं. पण माझं मराठी इंग्रजी शाळेतल्या पुस्तकातलं. मी तोंड उघडलं की मामेभाऊ म्हणायचे, बातम्या लागल्या. म्हणून चारचौघांत मी गप्पच असायची.

पाहुण्यांपैकी एकाने फोटोसाठी बुटासकट पाय उखळात ठेवला. आईने मान फिरवली.

“पाय काढा,” मी म्हणाले. आवाज अगदी बातम्यांसारखाच आला. “माझ्या आईची हळद कांडली आहे त्यात.”