बाबांच्या पाट्या

मी पहाटे पाचला उठते. गजर लागत नाही. आई मला ‘आमचं घड्याळ’ म्हणते, आणि त्यात कौतुकापेक्षा वैताग जास्त असतो, कारण लॉन्ड्रीत दिवसभर इस्त्री फिरवून दमलेल्या बाईला सातपर्यंत झोपायचं असतं आणि मी दिवा लावते. कपाटाच्या दारावर माझं वेळापत्रक चिकटवलेलं आहे. पहिलीच ओळ: पाच ते सहा, रेघा.

रेघा म्हणजे जुन्या वर्तमानपत्रावर ब्रशने शंभर उभ्या, शंभर आडव्या. मैत्रिणी पोहायला जातात, गाणं शिकतात. मी रेघा मारते. हा छंद बाबांनी लावला. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. सगळे त्यांना ‘पेंटर’ म्हणतात, चिडली की आईसुद्धा. “अक्षरं नंतर,” बाबा सांगायचे. “आधी हात तुझं ऐकतो का बघ.”

गेल्या वर्षी त्यांचाच उजवा हात त्यांचं ऐकेनासा झाला. थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, आटोक्यात राहील, जाणार नाही. बाबांनी भिंतींची कामं सोडली, कारण तिथे चार लोक बघत उभे राहतात. मागच्या खोलीत छोट्या पाट्या करायचे आणि संध्याकाळी वाळत ठेवायचे. पहाटे मी रेघा मारायला त्याच खोलीत जायची. ती वेडीवाकडी अक्षरं मला बघवायची नाहीत.

एकदा राहवलं नाही. एका अक्षराची कड मी पात्याने हलकेच खरवडली आणि पाटीच्या रंगाने सरळ केली. एकच. मग शेजारची. सहा वाजेपर्यंत सगळी पाटी सरळ झाली होती. बाबा उठून आले आणि तिच्यासमोर कितीतरी वेळ उभे राहिले.

“काल दिव्याच्या उजेडात मला उगीच वाकडं दिसलं,” ते म्हणाले. “हात हवेत हलतो गं. पाटीला टेकला की शांत होतो.”

इतकं खूश मी त्यांना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मी तोंड शिवून बसले. तिथेच चुकलं माझं. स्वतःला मोठी शहाणी समजत होते ना!

सहा महिने हे चाललं. शिस्तीची मी इतकी पक्की की एक पहाट चुकवली नाही. बाबा पुन्हा गुणगुणायला लागले, आईची थट्टा करायला लागले. आणि एका दुपारी जेवताना म्हणाले, “गोळ्या बंद केल्यात मी. महिना झाला. उद्यापासून औषधाच्या दुकानाची भिंत घेतलीय.”

आईला आनंदाने रडू फुटायचंच बाकी होतं. मी हातातला घास ताटात परत ठेवला. आता सांगू, संध्याकाळी सांगू, उद्या वाटेत सांगू, असं करत रंगाचे डबे उचलून मी त्यांच्याबरोबर भिंतीपर्यंत पोचले.

बाबांनी दोरीने खडूच्या रेघा पाडल्या, शिडी चढले आणि ब्रश टेकवला. उभी रेघ अर्ध्यातच डगमगली. त्यांनी फडक्याने पुसली. पुन्हा मारली, पुन्हा पुसली.

“पेंटर, चष्मा घरी राहिला का?” समोरचा न्हावी दारात उभा राहून हसला.

तिसरी रेघ पहिलीपेक्षा वाईट आली. बाबांनी मान वळवून खाली पाहिलं. न्हाव्याकडे नाही, माझ्याकडे. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

ते उतरले. अगदी हळू विचारलं, “किती पाट्या?”

“सगळ्या.”

वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ते ब्रश पुसत राहिले, स्वच्छ झाल्यावरही.

“चांगल्या केल्यास,” ते म्हणाले. “मलासुद्धा कळलं नाही.” मग ब्रश माझ्या हातात दिला. “चढ. काम खोळंबलंय.”

मी चढले. रेघ सरळ आली, दुसरीही आली. “वा पेंटर, पोरगी तुमच्यावर गेली!” न्हावी ओरडला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण हात जरासुद्धा हलत नव्हता. त्या हाताचा मला संताप आला.

खाली बाबा दोन्ही हातांनी शिडी धरून उभे होते, आणि शिडी माझ्या पायाखाली सारखी थरथरत होती.

“सोडा ना बाबा,” मी म्हणाले. “भक्कम टेकलीय ती.”

त्यांनी सोडली नाही.