लवंगेची सनई

चारकोपला आमच्या सेक्टरच्या नाक्यावर एक फोटो स्टुडिओ आहे. एकदा भाजी घेऊन येताना त्याच्या काचेवर दाराएवढा फोटो लावलेला दिसला आणि मी उभीच राहिले. ती माझी सुपारीची वरात होती.

मी लग्नांसाठी रुखवत करून देते. सुपाऱ्यांना जरीचे कपडे चढवून अख्खी वरात मांडते, आणि सनईवाल्याच्या तोंडाला एक लवंग चिकटवते. लग्नात सगळे वरात बघतात आणि जेवायला जातात. कोणी केली, हे फारसं कोणी विचारत नाही. इथे खाली स्टुडिओचं नाव मोठ्या अक्षरात होतं. माझं कुठेच नव्हतं.

घरी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "जा आणि विचार."

"तूच विचार ना गं."

"वरात मी केली का? मी बाहेर उभी राहते. चावत नाही तो."

मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून आधी, ज्या लग्नात ती वरात मांडली होती, तिथल्या नवरीच्या आईला फोन केला. लग्न त्यांचं, त्यांनाही विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "आम्हालाही त्याने विचारलं नाही. असू दे, फोटो राहू दे. पण तुमचं नाव घाल म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. लेक बाहेर उभी राहिली. फोटोवाला माझ्या मुलासारखाच, तिशीतला.

"काचेवरची वरात माझी आहे," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्याने पंखा बंद केला.

"काकी, फोटो मी काढलाय ना? मग माझाच."

"फोटो तुझाच. मी कुठे नाही म्हणते? पण तू यायच्या आधी ती वरात होतीच की."

तो बाहेर जाऊन काचेकडे बघून आला.

"ही सनई कसली आहे?"

"लवंग."

"आयला, लवंग. मला वाटलं प्लास्टिकचं काहीतरी. सॉरी काकी, विचारायला हवं होतं. नाव काय लिहू? तुमचाही एक फोटो काढू का, बाजूला लावायला?"

"माझा नको. नाव लिही. माझं, ह्यांचं नको."

आठवड्याभरात पट्टी लागली. रुखवत, आणि पुढे माझं नाव. मी समोरच्या भाजीवाल्याकडे मेथी निवडत उभी राहिले आणि दोनदा वाचलं. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं पुरलं. घरी येऊन मेथी मोडली ती गाणं गुणगुणतच. लेक हसत होती, तिला हसू दिलं.

परवा त्याच फोटोवाल्याचा फोन आला. "काकी, बोरिवलीच्या लग्नात तुमची वरात होती. फोटो काढलेत. एक लावू का?"

"आधी दाखव," मी म्हटलं. "सनई नीट आली असेल तर लाव."