कुसुम दाराला का घाबरली

अन्वरभाई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी कॉलेज रोडवरच्या एका हॉलमध्ये तीस-पस्तीस होतकरू लेखकांना मालिकेतली पात्रं कशी वाढवायची ते शिकवत होते. पडद्यावर एक तक्ता होता. पात्रातला दोष, तो कुठल्या भागात दिसला, कशाने दूर झाला, तपासणाऱ्याची सही. खाली कोपऱ्यात माझं नाव. हा तक्ता अन्वरभाईंचा. गेली आठ वर्षं मी तो माझा म्हणून शिकवते आहे. आमच्या जुन्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर एकच ओळ होती, अन्वर मणियार सकाळी हार्ट अटॅकने गेले, दफन दुपारी असरच्या नमाजानंतर ओझरला. मी फोन उलटा ठेवला आणि पुढचा मुद्दा सुरू केला. जेवणाच्या सुट्टीत निघाले असते तरी पोचले असते... नाही निघाले. संध्याकाळपर्यंत शिकवलं, प्रमाणपत्रं वाटली, सगळ्यांबरोबर फोटो काढून घेतले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको.

काही वाचकांना 'दूरयान' ही मालिका आठवत असेल. नाशिकमध्ये तयार होणारी अंतराळातली मराठी मालिका, यावर लोक आधी हसले आणि मग बघायला लागले. अंबडच्या एका बंद गोदामात आमचं प्लायवूडचं यान उभं होतं आणि त्यातली बटणं, दारं, मीटर खरे वाटावेत म्हणून कुणीतरी अन्वरभाईंचं नाव सुचवलं होतं. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची उभी हयात तपासनिसाच्या कामात गेली होती, आणि हौशी नाटकांचे सेट लावायचा नाद होता. पहिल्या दिवशी त्यांनी यानाभोवती एक चक्कर मारली, मग माझ्या हातातली संहिता मागून घेतली, खुर्ची ओढून दोन तास वाचत बसले. मला वाटलं, आता हे तांत्रिक चुका काढणार. तर म्हणाले, "यान ठीक आहे मॅडम. आतली माणसं कच्ची आहेत." मला राग आला. राग आला की माझा चेहरा कसा होतो याची ते पुढे दोन वर्षं सगळ्या युनिटला नक्कल करून दाखवत.

यानावर एक कॅप्टन आणि त्याचे तीन सोबती होते. कुणावरच विश्वास न ठेवणारा डॉक्टर, उठता बसता थापा मारणारा म्हातारा दिशादर्शक आणि स्वयंपाकाला घेतलेली कुसुम. मी या तिघांना कॅप्टनच्या मागेपुढे करण्यासाठीच लिहिलं होतं. अन्वरभाईंचं म्हणणं असं की कॅप्टन पहिल्या दिवशी जसा असतो तसाच शेवटच्या दिवशी असायला लागतो, लोकांना तो तसाच हवा असतो; पण लोक पुन्हा पुन्हा येतात ते सोबतचे कुठवर आले ते बघायला. एवढं बोलून थांबणारा माणूस नव्हता तो. दुसऱ्या दिवशी जाड कागदाची तीन कार्डं करून आणली. कारखान्यात म्हणे विमानातल्या प्रत्येक दोषाची नोंद असते. तो दूर केला की नोंद बंद करायची, पण ज्याने काम केलं त्याने बंद करायची नाही, दुसऱ्याने तपासून सही करायची. आणि बंद झालेली नोंद पुन्हा उघडायची असेल तर त्यासाठी वेगळा रकाना, त्यात कारण लिहायचं, खाली नाव. आमच्यात बदल सुचवणारे ते, म्हणून तपासून सही करणारी मी. एकदा घाईत मी डॉक्टरच्या कार्डावर न वाचताच सही केली. त्यांनी मुद्दाम लिहून ठेवलं होतं, डॉक्टरला शेपूट फुटलं. आठवडाभर ते कार्ड चहाच्या टेबलावर टांगलेलं होतं. त्यानंतर मी एक अक्षरही न वाचता सोडलं नाही.

कुसुमच्या कार्डावर पहिलीच नोंद होती, यानाच्या बाहेरच्या दाराची भीती. तिचा भाऊ असल्याच एका दारातून बाहेर पडला आणि परत आला नव्हता, म्हणून दार वाजलं की ही स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली. मी ते विनोदासाठी लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. अन्वरभाईंनी त्याचं काम केलं, आणि किती सावकाश केलं! आधी कुसुम दार उघडणाऱ्या माणसाजवळ नुसती उभी राहते. बऱ्याच भागांनी दाराला तेल घालते. मग त्याची दुरुस्ती शिकते. साठाव्या भागात ती एकटी बाहेर जाते, डॉक्टरला घेऊन परत येते आणि कॅप्टनला सांगते, आता या दाराचं मी बघेन. चित्रीकरण संपल्यावर त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. मी वाचलं, सही केली, दाराची भीती बंद. त्या दिवशी अन्वरभाईंनी सगळ्या युनिटला फालुदा खिलवला.

आणि मग कुसुमला पत्रं यायला लागली. कॅप्टनला येत होती त्याहून जास्त. कॅप्टनचं काम करणाऱ्या नटाचं तोंड वाकडं झालं, ते वाहिनीपर्यंत गेलं, आणि शेवटच्या आठवड्याआधी मला बोलावणं आलं. त्यांना फार काही नको होतं. दार अडकतं, कुसुम किंचाळते, कॅप्टन येतो. एवढंच. पुढची मालिका तुमच्याकडेच आहे, असं निघताना कुणीतरी हसत हसत सांगितलं. अन्वरभाई तेव्हा देवळ्याला बहिणीकडे गेलेले. मी एका दुपारीत तो भाग लिहिला. त्यांना फोन केला नाही. कुसुमचं काम करणारी मुलगी हरसूलकडची होती, कधी उलटून बोलायची नाही. कागद वाचून मात्र माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, कितीतरी भाग हे दार मीच दुरुस्त करतेय. आता त्याला कशी भिऊ?" मी तिला म्हटलं, तू अभिनेत्री आहेस ना, मग कर. तिने केलं, आणि छान केलं बिचारीने.

अन्वरभाई नेमके त्या दिवशी परत आले. कॅमेऱ्यामागे उभं राहून त्यांनी ती किंचाळी ऐकली. आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं, तो परवडला असता. त्यांनी कुसुमचं कार्ड शोधून आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "बंद झालेली नोंद उघडलीत तुम्ही. कारण लिहा." मी म्हटलं, अन्वरभाई, ही मालिका आहे, विमान नाही, इथे कुणी मरत नाही. "नाय मरत, बरोबर," ते म्हणाले. "पण जी पोरगी उभी राहताना लोकांनी साठ भाग बघितली, तिला तुम्ही एका दुपारीत खाली बसवली. का बसवली, तेवढं लिहा. मी भांडणार नाही." मी पेन उचललं नाही. ते आपली हत्यारांची पिशवी घेऊन निघून गेले. कार्ड माझ्याकडेच राहिलं. त्याच्यावरूनच पुढे मी शिकवण्याचा तक्ता केला... कारणाचा रकाना तेवढा गाळला.

पुढची मालिका मला मिळाली आणि चार महिन्यांत बंद पडली. त्या वाहिनीने अन्वरभाई गेल्यावर श्रद्धांजलीची एक पोस्ट टाकली. त्यात त्यांना तांत्रिक सल्लागार म्हटलं आहे, म्हणजे मालिकेच्या श्रेयनामावलीत मी त्यांना जेवढं होऊ दिलं तेवढंच. खाली लोकांनी लिहिलंय, कुसुम आमच्या मुलीची लाडकी होती, शेवटी तिला काय झालं ते कळलंच नाही. मी त्या सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. एकालाही उत्तर दिलं नाही.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत आमची गाठ एकदाच पडली, एका नाटकवाल्याच्या मुलाच्या रिसेप्शनला. ते वाळले होते. तब्येत विचारली, माझ्या आईची विचारपूस केली, आणि मग ताटातला पुलाव चिवडत मिश्किलपणे म्हणाले, "मॅडम, कारण सापडलं का?" मी हसून म्हटलं, काय अन्वरभाई, अजून तेच! आणि आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभी राहिले. मला त्यांचाही राग यायचा, आजही येतो. एका ओळीसाठी इतकी वर्षं अडून बसायचं? छातीत दुखत होतं म्हणे, तेही कळवायचं नाही? हा ताठा त्यांना शोभत नव्हता. माझा मला कधी खटकला नाही.

पाच आठवड्यांनी मी ओझरला त्यांच्या घरी गेले. इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे पाळायचा शोकाचा काळ, चालू असल्याने त्यांच्या पत्नी शबानाभाभी घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे त्या भेटतील हे नक्की होतं. नाहीतर मी, त्या नसतील तर बरं, असंच मनात म्हणत गेले असते. त्यांनी चहा केला. मी शोकाची वाक्यं बोलायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले. "भाभी, मी घाबरले होते. काम हातचं जाईल म्हणून. कारण एवढंच होतं." कुठलं, कशाचं, त्यांनी विचारलं नाही. "त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन बोलले, मॅडम डर गई." मी विचारलं, मग मला सारखं का विचारत होते? भाभींनी माझा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. "मी पण तेच बोलायची, सोडून द्या आता. तर बोलायचे, कुसुमला साठ भाग लागले, मॅडमला थोडे जास्त लागतील. येईल ती."

नंतर त्यांनी मला अन्वरभाईंची खोली दाखवली. कपाट रिकामं करून झालं आहे, कपडे वाटून टाकलेत, चष्मा तेवढा ठेवला आहे. खिडकीपाशी एक खुर्ची आहे. रिटायर झाल्यावर ते संध्याकाळी तिथेच बसत, असं भाभी म्हणाल्या आणि मलाही बसायला सांगितलं. खिडकीतून विमानतळाकडे जाणारा रस्ता दिसतो. त्यांचाच तक्ता शिकवायला मी त्या रस्त्याने हैदराबादला गेले, दिल्लीला गेले, दर दोन-तीन महिन्यांनी कुठे ना कुठे जातच होते. रस्त्यावरून वळलं की हे घर चार मिनिटांवर आहे. मी बराच वेळ बसून पाहिलं. गाड्यांचे नंबर वाचता येतात इतका रस्ता जवळ आहे.